पाट्या ज्याने फोडल्या त्यानेच पुन्हा घडायच्या

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही घणसोलीत राहता, वागळे इस्टेटला सुपरवायझर आहात, रविवारी मंडळीत म्हणजे चर्चमधे ढोलकी वाजवता, घरी बायको आणि पाचवीतला मुलगा. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला घरी पोचलात तर हॉलभर मुलाचा सूर्यमालेचा प्रोजेक्ट पसरलेला, कागदाच्या लगद्याचे ग्रह, शनीची कडी म्हणून जुनी सीडी कापलेली, फेविकॉल लादीवर सांडलेला आणि तुमचा पाय नेमका त्यात पडला. मिनिटभरात तुम्ही तो सगळा प्रोजेक्ट लाथेने भिंतीवर उडवलात आणि मुलाला 'बिनडोक' म्हणालात. तो रडला नाही, आत जाऊन दारामागे उभा राहिला. आता तुम्ही घरात आलात की तो हॉलमधून उठून जातो. बायको म्हणाली, पुन्हा असं झालं तर मी नगरला माहेरी जाते. हात अजून उचललेला नाही असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय की राग हे पाप आहे का, कारण मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलताना येशूनेही चाबूक उचलला होताच ना, आणि एवढी प्रार्थना करूनही राग जात का नाही.

मी गेली २२ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमधे समुपदेशनाचं काम करतोय, त्यातली निम्मी तरी घरं रागामुळेच माझ्यापर्यंत आलेली. आणि त्याआधीची बरीच वर्षं मी स्वतः तुमच्या जागी होतो, ते पुढे सांगतोच.

आधी सरळ उत्तर. राग येणं हे पाप नाही. प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, चौथ्या अध्यायात म्हणतो की रागावा, परंतु पाप करू नका, म्हणजे रागावणं आणि पाप करणं या दोन्हीत त्याने जागा ठेवलीय. पण ती जागा अरुंद आहे भाऊ आणि त्या रात्री तुम्ही तिच्या पार गेलात. प्रोजेक्टला लाथ मारणं हे पाप आणि 'बिनडोक' म्हणणं हे त्याहून मोठं, कारण डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू खुनाबद्दल बोलता बोलता एकदम तोंडच्या शब्दांवर येतो, भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला तो खुनाच्याच पंगतीला बसवतो. मला पूर्वी हे जरा जास्तच वाटायचं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसं माझ्यासमोर बसून बापाने आठवीत असताना उच्चारलेला एक शब्द सांगताना रडलेली मी पाहिलीत, बाप जाऊन दहा-दहा वर्षं झालीत आणि तो शब्द तसाच. तेव्हापासून मला ते जास्त वाटत नाही.

आता चाबूक. हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक तापट विश्वासणारा पुरुष विचारतो, बायका फार क्वचित विचारतात, यावरूनच काय ते समजून घ्या. योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशूने दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, केला. केला म्हणजे बसून वळला, आणि दोऱ्या वळायला वेळ लागतो. आणि मार्काच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात एक वचन आहे ज्यावरून आपण भराभर पुढे जातो, अकरावंच वचन. येशू यरुशलेमात येतो, मंदिरात जातो, सभोवार सगळं पाहतो, आणि संध्याकाळ झाली म्हणून बाराही शिष्यांना घेऊन बेथानीला परत जातो. सराफांचे चौरंग उलथतो तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे जे बघून राग यावा ते त्याने बघितलं, आणि मधे एक रात्र जाऊ दिली. तुमच्या माझ्या रागात ही रात्र कुठे असते सांगा?

आणि दुसरं, तो कोणासाठी रागावतो ते बघत चला. मार्काच्याच तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताचा माणूस सभास्थानात आहे, परुशी म्हणजे कर्मठ धर्मपुढारी टपून बसलेत की हा शब्बाथ दिवशी, विश्रामाच्या दिवशी, बरं करतो का, आणि येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं असं स्पष्ट लिहिलंय, त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्नही झाला, म्हणजे राग आणि दुःख एकाच वाक्यात. आणि त्या रागाचा शेवट कशात झाला तर एका माणसाचा हात बरा होण्यात. उलट येशूच्या स्वतःच्या तोंडावर थुंकले, मारलं, तेव्हा त्याने उलट शब्द काढला नाही. आपलं नेमकं उलटं असतं बघा, दुसऱ्यावर अन्याय होताना आपण शांत बसू शकतो आणि आपला पाय फेविकॉलमधे पडला की आपल्याला मंदिरातला येशू आठवतो. हे टोमणा म्हणून नाही म्हणत, मी स्वतः हेच वचन वापरून कित्येक वर्षं लपलो म्हणून म्हणतोय.

जुन्या करारात देव स्वतःची ओळख करून देतो ना, निर्गम ३४ मधे, तिथे मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, फार सुंदर शब्द वापरलाय, 'मंदक्रोध'. मूळ हिब्रूत तिथे जे आहे त्याचा शब्दशः अर्थ होतो 'लांब नाकाचा'. हिब्रूत नाकाला आणि रागाला एकच शब्द आहे, 'अफ', राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, त्यावरून. आणि आपल्याकडे काय म्हणतात? राग नुसता नाकाच्या शेंड्यावर. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो. देवालाही राग येतो पण त्याच्याकडे लांबी आहे, राग येणं आणि तो बाहेर पडणं यात अंतर आहे. तुम्ही विचारलंत प्रार्थना करूनही राग जात का नाही, तर माझ्या मते तुमची मागणीच चुकतेय. राग काढून टाक असं मागू नका, मधलं अंतर दे म्हणून मागा. पवित्र आत्मा माणसात जे गुण पिकवतो त्या फळांच्या यादीत सौम्यता आहे, इंद्रियदमन आहे, पण राग न येणं असं कुठलं फळ नाही त्यात.

आता मुख्य गोष्टीवर येतो, याच्यासाठीच एवढं लांब लिहितोय.

अनावर रागाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तो कामाला येतो. तो फुकट गेला असता तर आपण केव्हाच सोडला असता. गणना २० वाचा, कादेशचा प्रसंग. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून काढून मोशे देवाने कबूल केलेल्या देशाकडे नेतोय. लोक तहानलेले, मोशेशी भांडतायत, आणि देव त्याला सांगतो खडकाशी बोल. मोशे बोलत नाही, लोकांना बंडखोर म्हणतो आणि काठीने खडकावर मारतो, एकदा नाही दोनदा. आणि काय होतं? पाणी येतं! पुष्कळ येतं, माणसं पितात, गुरं पितात. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता मोशेने बरोबर केलं, बघा ना पाणी आलं. किंमत नंतर कळली. चाळीस वर्षं ज्या देशासाठी चालला तो त्याला नबो डोंगरावरून लांबून बघावा लागला, आत जाता आलं नाही.

तुमच्या घरीही पाणी येतंय भाऊ. तुम्ही ओरडलात की हॉल आवरला जातो, टीव्ही बंद होतो, पोरगं अभ्यासाला बसतं, बायको वाद थांबवते. तुम्हाला वाटतं आपला वचक आहे. पण पोर हॉलमधून उठून जातं, तो वचनदत्त देश तुमच्या हातून जातोय. अजून पाच-सहा वर्षांनी तो तुमच्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलेल आणि तुम्हाला कळणार पण नाही हे कधी झालं. बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका असं पौल सांगतो, आणि कलस्सैकरांच्या पत्रात त्याचं कारण देतो, ती खिन्न होतील म्हणून. तो 'बंडखोर होतील' म्हणत नाही, खिन्न म्हणतो. माझ्या कामात मी हेच बघतो, तापट बापाची मुलं उद्धट होतात त्यापेक्षा जास्त वेळा गप्प होतात, आणि गप्प पोरांकडे कुणाचं लक्ष जात नाही, उलट शहाणा आहे म्हणून कौतुक होतं.

गणनेच्या त्याच विसाव्या अध्यायातली अजून एक गोष्ट. अध्यायाच्या पहिल्याच वचनात मिर्याम मरते. मोशेची थोरली बहीण, लहानपणी तो नदीकाठी टोपलीत होता तेव्हा लांबून लक्ष ठेवणारी. तिला पुरलं आणि लगेच पुढच्या वचनात पाणी नाही म्हणून लोक अंगावर आले. शास्त्र स्पष्ट म्हणत नाही की त्यामुळे त्याचा तोल गेला, पण मी जेवढी घरं बघितलीत त्यावरून मला वाटतं रागाच्या खाली बहुतेक वेळा दुसरंच काही असतं, दुःख, भीती, अपमान. आणि हा तोच मोशे ज्याला भूतलावरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलंय. तुम्ही त्या दिवशीचं सगळं लिहिलंत पण त्या दिवशी कंपनीत काय झालं ते लिहिलं नाहीत. वड्याचं तेल वांग्यावर निघालं असेल तर ते वांगं पाचवीतलं पोर आहे, याचा विचार करा.

आता माझं. साल १९९७. आम्ही कळव्याला वन रूम किचनमधे राहायचो, मी एका कंपनीत स्टोअरला होतो आणि मंडळीत तरुण संघ चालवायचो. एका संध्याकाळी घरखर्चावरून बायकोशी बोलणं झालं, ती बरोबर होती हे आज कळतं, आणि मी खोलीच्या दारावर बुक्की मारली. प्लायचं पोकळ दार होतं, आरपार भोक पडलं. मुठीएवढं, कडा बाहेर निघालेल्या, हाताला कुसळं टोचली ती मीच काढत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने काही न बोलता स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून दारावर त्या भोकावर टांगलं, कोणी आलं तर दिसू नये म्हणून. ते वर्ष गेलं, नवीन वर्षाचं कॅलेंडरही तिथेच लागलं. मग त्याच्या पुढचंही. मला दार दिसत नव्हतं त्यामुळे मीही विसरलो. मुलगी साडेचार वर्षांची झाली तेव्हा एक दिवस पाहुण्यांसमोर तिने विचारलं, सगळ्यांकडे कॅलेंडर किचनमधे असतं, आपलं दारावर का? कोणी उत्तर दिलं नाही. मी तेव्हा तिच्याकडे बघू शकलो नाही. दर रविवारी पुलपिटच्या बाजूला उभा राहून मी शास्त्रपाठ वाचायचो आणि घरी माझ्या बायकोने तीन वर्षं माझं पाप कॅलेंडरने झाकून ठेवलं होतं.

सेवा केल्याने राग बरा होत नाही, हे लक्षात ठेवा. आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, केवढी कोमल गीतं आहेत त्यांची, आपण अजून गातो, आणि तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत नवऱ्याचा तापटपणा मुळीच लपवलेला नाही. गाणं आणि स्वभाव एका माणसात शेजारी शेजारी राहू शकतात. म्हणून तुम्हाला एक सांगतो जे आवडणार नाही. काही रविवार ढोलकी बंद ठेवा. प्रभूने म्हटलंय ना, वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्या बाबतीत तो भाऊ दहा वर्षांचा आहे आणि चर्चमधे आईच्या शेजारी बसून तुम्हाला ढोलकी वाजवताना बघतो. त्याला त्यातून देवाबद्दल काय समजत असेल?

आता रोजचं काय करायचं ते. तुम्ही ठाण्याला प्लॅटफॉर्म ९-१० वरून ट्रान्सहार्बरची गाडी पकडता, संध्याकाळी उभं राहायला जागा नसते, पोटात दुपारचा डबा गेलेला त्याला सात-आठ तास झालेले. या अवस्थेत तुम्ही घराची बेल वाजवता. एलिया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही, आधी भाकर दिली, झोपू दिलं, परत उठवून भाकर दिली, बोलणं बरंच नंतर. म्हणून घणसोली स्टेशनवर उतरलात की आधी काहीतरी पोटात टाका, केळं खा, वडापाव खा, आणि दहा मिनिटं बाहेरच बसा. हे मी आध्यात्मिक सल्ला म्हणूनच देतोय. त्या दहा मिनिटांत कंपनीतलं जे काही मनात आहे ते नाव घेऊन प्रभूला सांगा, अमक्याने मला सगळ्यांसमोर असं असं म्हटलं आणि मला ते लागलं. दाविदाने स्तोत्रांमधे हेच केलंय, किती कडक शब्दांत केलंय ते वाचा, पण ते देवापुढे केलंय, पोरांपुढे नाही.

घरात असताना राग चढायला लागला की शरीर आधी सांगतं. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, माझा आवाज आधी एकदम बारीक व्हायचा, बायकोला ते माझ्या आधी कळायचं. तुमची खूण कोणती ते बायकोला विचारा, तिला नक्की माहीत असणार. ती खूण दिसली की एकच वाक्य बोला, 'मला राग आलाय, मी वीस मिनिटांनी येतो', आणि खाली उतरा. वीस मिनिटं मी अशीच नाही सांगत, एकदा ॲड्रेनलिन चढलं, छाती धडधडायला लागली की शरीर खाली यायला साधारण तेवढा वेळ तरी लागतोच, त्याआधी परत गेलात तर तोच सीन पुन्हा. आणि परत जायचंच, नुसतं निघून जाणं म्हणजे दुसऱ्या प्रकारची शिक्षा. त्या वीस मिनिटांत मोबाईलवर भावाला फोन करून बायकोचं गाऱ्हाणं गाऊ नका, त्याने राग आणखी शिजतो. उशीवर बुक्क्या मारून राग काढा असंही लोक सांगतात, तेही करू नका. २००२ मधे ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तपासून बघितलं, ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त भडकलेले निघाले. हृदयाचंही तेच, संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका वाढतो.

आणि 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' या पौलाच्या वचनाचा आपल्याकडे फार चुकीचा वापर होतो. नवरा-बायको रात्री दीड वाजेपर्यंत 'आजच संपवायचं, वचन आहे' म्हणून भांडत बसतात. वचनाचा रोख रागाला रात्रभर पोसू नका, सैतानाला वाव देऊ नका, असा आहे. सगळे मुद्दे निकाली काढा असा नाही. 'मी अजून चिडलेलो आहे पण मी तुझ्या विरोधात नाही, उद्या संध्याकाळी बोलू' एवढं म्हणून झोपलात तरी सूर्य तुमच्या रागावर मावळला नाही असंच मी मानतो.

व्हॉट्सॲपवर रागात काही लिहू नका, सोसायटीच्या पार्किंगच्या ग्रुपवर तर अजिबातच नाही. इ. स. ३९० मधे थिओडोसियस हा रोमन सम्राट, चांगला ख्रिस्ती म्हणवणारा, थेस्सलनीका शहरात लोकांनी त्याचा सेनाधिकारी मारला म्हणून संतापला आणि कत्तलीचा हुकूम सोडला. राग उतरल्यावर हुकूम मागे घ्यायला दुसरा निरोप पाठवला पण तो पोचेपर्यंत उशीर झाला होता, सातेक हजार माणसं मारली गेली असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला प्रभुभोजन नाकारलं, सगळ्यांसमोर पश्चात्ताप करायला लावला. आणि परंपरेने सांगतात की त्यानंतर नियम झाला, मृत्युदंडाचा हुकूम ३० दिवस थांबवून ठेवायचा आणि मग पुन्हा बघायचं. सम्राटाला ३० दिवस लागत असतील तर आपण निदान एक रात्र घ्यावी.

कुणी म्हणेल, माणसंच अशी भेटतात, बॉस तसा, बायको तशी, ट्रॅफिक तसं. पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाचा संन्यासी होऊन गेला, त्याने लिहिलंय की वाळवंटात एकटा राहत असताना, आजूबाजूला चिडायला माणूसच नव्हता, तेव्हा तो बोरूवर चिडायचा, चाकू बोथट निघाला म्हणून चिडायचा, गारगोटीतून ठिणगी लवकर पडली नाही म्हणून चिडायचा. हे वाचून मला फार हलकं वाटलं. माझ्या रागाचं कारण माझ्या बायकोत नव्हतं, मी कळव्याच्या त्या खोलीत एकटा राहत असतो तरी कशावर तरी बुक्की मारलीच असती.

आता एक गोष्ट जी तुमच्यासाठी आहे आणि तुमच्या बायकोसाठी जास्त. ती माहेरी जाईन म्हणाली याला धमकी समजू नका. आपल्या मंडळ्यांमधे अशा बाईला सांगितलं जातं की सहन कर, प्रार्थना कर, नवऱ्याच्या अधीन राहा, आणि मी हे बोलणारे वडीलधारे स्वतःच्या कानांनी ऐकलेत, मार खाल्लेल्या बाईला. हे शास्त्राचं शिक्षण नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान द्या, तुमच्या प्रार्थनांमधे व्यत्यय येऊ नये म्हणून. म्हणजे घरात तिचा मान ठेवला नाही तर प्रार्थना छताच्या वर जात नाहीत, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर तिथेही आहे. वस्तू फेकणं, दारं आपटणं, रस्ता अडवून उभं राहणं, हे हात उचलण्याच्या आधीचे जिने आहेत, आणि तुम्ही त्यातल्या एकावर उभे आहात. ज्या दिवशी हात उठेल त्या दिवशी तिने मुलाला घेऊन निघून जावं, समेट वगैरे नंतर बघू, तुम्ही दोघांनी हे आत्ताच एकमेकांना स्पष्ट सांगून ठेवा. १८१ हा महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी आणि ११२ पोलिसांचा नंबर तिच्या मोबाईलमधे असू दे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नुसत्या मारहाणीसाठी नाही, शब्दांनी केलेला छळही त्यात येतो.

आणि डॉक्टरकडे जा. पुरुषांचं डिप्रेशन पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसतं, झोप पुरी होत नसेल, दारू असेल, थायरॉईड असेल तरी माणूस असाच पेटतो. आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' ही शिवी आहे, त्यामुळे लोक मानसोपचाराचं नाव काढलं की बिथरतात, पण ठाण्यात राहून मी सांगतो, इथल्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत बसलेली माणसं तुमच्या माझ्यासारखीच कामावरून सुट्टी काढून आलेली असतात. जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर त्याला शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता एवढं सांगा.

आता मुलगा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दिवशी त्याला सॉरी म्हटलं, आणि पाचशेचा रिमोटवाला कार सेट आणून दिला, त्याने तो उघडला नाही. नाहीच उघडणार.

लोक सोन्याचं वासरू करून पूजतायत हे बघून मोशेने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या, राग खरा होता, कारणही खरं होतं. त्या पाट्या देवाने स्वतः केलेल्या होत्या, लिहिणंही देवाचंच होतं. पण निर्गम ३४ च्या पहिल्याच वचनात देव मोशेला काय सांगतो? पहिल्यासारख्या दोन पाट्या तू घड. लिहिणार मी, पण दगड तू तासायचा, आणि पहाटे उठून डोंगरावर तू चढवायचा. आणि तो मंदक्रोध शब्द, जो मी वर सांगितला, तो देवाने मोशेला याच अध्यायात ऐकवला, त्याच्या हातात स्वतः घडलेल्या दोन पाट्या असताना.

मला हे आमच्या त्या वेळच्या पाळकसाहेबांनी दाखवलं. मुलीने कॅलेंडरचं विचारल्यावर आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेलो, रडलो, त्यांनी प्रार्थना केली आणि मग म्हणाले, दार अजून तसंच आहे? मी म्हटलं सुताराला बोलावतो. ते म्हणाले, सुतार नको. मग मी दोन शनिवार घालवले. प्लायचा तुकडा कापून आणला, तो नीट बसेना, परत कापला, लांबी म्हणजे पुट्टी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, वरून ऑइलपेंट मारला. मुलगी शेजारी बसून बघत होती, हे काय करतोयस विचारत होती, आणि मी तिला सांगितलं की पप्पांनी रागात दार फोडलं होतं. ती म्हणाली, आईला लागलं का? मी म्हटलं लागलं. कॅलेंडर परत किचनमधे गेलं. ठिगळ मात्र दिसायचं, उजेड बाजूने पडला की गोल कडा दिसायची, आम्ही ते घर सोडेपर्यंत दिसायची.

तर तुम्ही प्रोजेक्ट पुन्हा करा. सबमिशनची तारीख गेलीय, मार्कही गेलेत, तरी करा. त्याला आधी विचारा की मी करू का, आणि नको म्हणाला तर तेव्हा नको, आठवड्याने परत विचारा. त्याच्यावर ढकलू नका, जुनी वर्तमानपत्रं तुम्ही भिजत घाला, लगदा तुम्ही करा, मिक्सर नंतर तुम्ही धुवा. ग्रह वाळायला तीन-चार दिवस लागतील, तेवढे दिवस ते हॉलमधेच ठेवा, जिथून तुम्ही रोज रात्री साडेनऊला आत येता तिथेच. सॉरी म्हणताना 'पण तू पण पसारा केला होतास' हे वाक्य जोडू नका. कुठला ग्रह कुठे लावायचा ते तुम्हाला नक्की येत नसणार, ते त्याला विचारा, तो सांगेल.